डोंबिवलीची गल्ली, रूबेचा दगड

"ताई, डोंबिवलीत दगडी रस्ता कुठे मिळेल?"

एका तरुण वाचकानं विचारलेला हा प्रश्न वाचून मी आधी चक्रावले. आपल्याकडे लोक गुळगुळीत रस्ता कुठे मिळेल असं विचारतात. पुढचा मजकूर वाचल्यावर उलगडा झाला. हा मुलगा ऐरोलीला नोकरी करतो. लोकल गाठण्याआधी पहाटे गांधारी पुलावरून पडघ्याच्या दिशेनं सायकल मारून येतो आणि रविवारी ठाण्यात येऊरचा चढ चढतो. त्यानं येत्या एप्रिलमधल्या 'पॅरिस-रूबे चॅलेंज'साठी नाव नोंदवलं आहे. जगातल्या सगळ्यात खडतर समजल्या जाणाऱ्या सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्याच दगडांवरून हौशी सायकलस्वारांना जाऊ देतात, ती ही मोहीम. यातला सर्वांत लांब मार्ग १७० किलोमीटरचा आहे.

त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. "चाकात हवा किती भरू? आमच्या नाक्यावरचे सायकलवाले काका म्हणतात, कडक भर, पळेल. दुसरीकडे ऐकतो की निम्मीच भर. दोघांपैकी बरोबर कोण?"

आधी शर्यतीबद्दल थोडं. रूबे हे उत्तर फ्रान्समधलं गिरणगाव. तिथल्या दोन गिरणीमालकांनी सायकलींसाठी वेलोड्रोम बांधला आणि त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून १८९६ साली पॅरिसपासून रूबेपर्यंत शर्यत लावली. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली मार्गाची पाहणी करायला निघालेल्या पत्रकारांना वाटेत खंदक, जळकी झाडं आणि उद्ध्वस्त गावं दिसली. तेव्हापासून या शर्यतीला 'उत्तरेतला नरक' म्हणतात. आजची शर्यत सुमारे २६० किलोमीटरची असते. त्यातले जवळपास ५५ किलोमीटर दगडी पट्ट्यांचे, म्हणजे शेतातून जाणाऱ्या, एकेका दगडानं बांधलेल्या जुन्या वाटांचे. विजेत्याला बक्षीस म्हणून मिळतो तोही त्याच वाटेवरचा एक दगड. २०२१ साली स्त्रियांची पहिली शर्यत झाली. ती ब्रिटनच्या लिझी डेगनननं जिंकली तेव्हा तिच्या हँडलच्या पट्टीवर रक्ताचे डाग होते. तिनं हातमोजे घातले नव्हते, आणि दगडांच्या हादऱ्यांनी तळव्यांची साल निघाली होती.

या दगडी पट्ट्यांना फ्रेंचमध्ये 'पावे' म्हणतात. आपल्या गल्लीबोळांत दिसणारा 'पेव्हर ब्लॉक' त्याच कुळातला. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये, ठोकून बसवणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपल्याकडे त्याला धुम्मस मारणं म्हणतात. म्हणजे या मुलाला हवा असलेला रस्ता त्याच्या दारातच होता. तशा कल्याणच्या परिसराला दगडी वाटा नव्या नाहीत. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल मुरबाडमार्गे नाणेघाटाच्या दगडी वाटेनं जुन्नरला चढायचा. वैशाखऱ्याहून वर गेलात तर ते दगड आजही पायाखाली येतात. पण ती बैल-गाढवांची आणि माणसांची चढण, सायकलचं तिथे काम नाही. मी त्याला लिहिलं, तुझी गल्ली बघायला येते.

रविवारी सकाळी सहाला डोंबिवली पूर्वेत पोचले. इमारतींच्या दोन रांगांमधली शंभरेक मीटरची गल्ली. लाल-राखाडी ब्लॉक, मध्ये कुठेतरी पाइपसाठी खणून परत बुजवलेला पट्टा, आणि तिथे ब्लॉक बशीसारखे खचलेले. एका ब्लॉकवर मी पाय ठेवला तर त्याचं दुसरं टोक उचललं गेलं आणि फटीतून गढूळ पाणी वर आलं. ही पाण्याची चिळकांडी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

मुलानं हँडलला एक छोटी पितळी घंटी लावली होती. गल्लीत लहान मुलं मध्ये येतात म्हणून. तीच आमचं उपकरण ठरली. त्याचे टायर २५ मिलिमीटर रुंदीचे. पहिल्या फेरीला काकांच्या सल्ल्याप्रमाणे १०० पीएसआय हवा. सायकल गल्लीत शिरली आणि घंटी आपोआप वाजायला लागली, टिणटिण टिणटिण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाटली पिंजऱ्यात खडखडत होती. परत आला तेव्हा त्यानं तळवे दाखवले. अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठले होते. मग त्यानं झडप दाबून हवा ८० वर आणली. घंटी मधूनमधून वाजली. तिसऱ्या फेरीला ६५. आता ती फक्त खचलेल्या पट्ट्यावर एकदाच वाजली. तिन्ही वेळा त्याला वेग सारखा राखायचा होता, आणि तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "ताई, पाय कमी लागले."

पाय कमी का लागले याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि तो करताना मला फार मजा येते. आपल्या ब्लॉकची लांबी साधारण २० सेंटिमीटर. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. म्हणजे सेकंदाला २५ ब्लॉक, २५ फटी, २५ दणके. समजा प्रत्येक दणक्याला सायकल आणि स्वार मिळून ८० किलोचं वजन फक्त २ मिलिमीटर वर उचललं गेलं. एका उचलीला दीड ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा. गुणिले २५, म्हणजे जवळपास ४० वॉट. नव्या धर्तीचा छताचा पंखा यात आरामात चालेल. हौशी सायकलस्वार दीर्घ काळ देऊ शकतो ती ताकद १५० ते २०० वॉट. हा हिशेब वरच्या टोकाचा आहे, कारण खाली येताना काही ऊर्जा परत मिळते. पण बरीचशी मिळत नाही. ती मांड्या, पोट, दंड यांच्या थरथरण्यात उष्णता होऊन जाते. रस्ता तुमचं अंग घुसळतो आणि त्या घुसळणीचा खर्च तुमचेच पाय भरतात.

टायर मऊ असेल तर ८० किलो वर उचलावे लागत नाहीत. टायरचा तेवढाच भाग दगडापुरता आत दबतो, दगड सरला की परत फुगतो, आणि वरचं वजन आहे त्या पातळीवर पुढे सरकतं. चुंबळ माहीत आहे ना? डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ते कापडाचं वेटोळं. तीन-तीन भांड्यांची उतरंड डोक्यावर घेऊन खडकाळ पायवाटेनं येणाऱ्या बाईकडे नीट पाहा. पाय दगडांवर पडतात, गुडघे वाकतात, कंबर डुलते, पण हंडा एका सरळ रेषेत हवेतून सरकल्यासारखा येतो. पाणी हिंदकळत नाही. तो हंडा तिनं प्रत्येक पावलाला चार बोटं वर उचलला असता तर विहीर ते घर या अंतरात ती थकून बसली असती. गुडघ्यांनी मोठे चढउतार गिळायचे आणि चुंबळीनं बारीक हादरे, अशी ती वाटणी आहे. दगडी रस्त्यावरच्या सायकलस्वाराचंही असंच. त्याची कोपरं आणि गुडघे मोठे खड्डे घेतात, टायरमधली हवा बारीक दणके घेते. चाकात शंभर पीएसआय हवा भरणं म्हणजे चुंबळ काढून तिथे लाकडाची चकती ठेवणं.

मग काका चुकले का? पूर्ण नाही. मागच्या चाकावर ४५ किलो भार धरला तर १०० पीएसआयला टायर जमिनीला जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर टेकतो, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासा जास्त. ५५ पीएसआयला दोन नाण्यांएवढा. टेकलेला भाग जितका मोठा, तितकं रबर वाकतं आणि तितकी ऊर्जा रबरात जिरते. गुळगुळीत पृष्ठभागावर म्हणूनच कडक टायर पळतो. टायरच्या चाचण्या वर्षानुवर्षं गुळगुळीत पोलादी ड्रमवर घेतल्या गेल्या, आणि ड्रमवर अंग घुसळलं जातच नाही. हवा वाढवली की आकडा सुधारतो, एवढंच दिसत राहिलं. व्यावसायिक स्पर्धकही अनेक दशकं त्याच समजुतीवर चालले. आता त्याच पॅरिस-रूबेत ३० ते ३५ मिलिमीटर रुंदीचे, कमी हवेचे टायर दिसतात आणि शर्यतीचा सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर गेला आहे.

हवेच्या टायरचा विषय निघाला की रॉबर्ट विल्यम थॉमसनबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

शाळेत आपण शिकतो की हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉपनं शोधला. गोष्ट गोड आहे आणि खरीही आहे. डनलॉप बेलफास्टमधला पशुवैद्य. त्याच्या मुलाला तीन चाकी सायकलवर दगडी रस्त्याचे दणके बसायचे. १८८७ साली डनलॉपनं एका लाकडी चकतीला रबराची हवा भरलेली नळी गुंडाळली आणि मुलाच्या सायकलचं मूळ चाक व ही चकती, दोन्ही अंगणात घरंगळत सोडली. मूळ चाक मध्येच थांबलं. हवेची चकती अंगण पार करून फाटकाच्या खांबाला आपटून उलटी फिरली. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आणि १८९० मध्ये ते रद्दबातल असल्याचं त्याला कळवण्यात आलं, कारण तीच कल्पना १० डिसेंबर १८४५ रोजी, म्हणजे तब्बल ४३ वर्षं आधी, स्कॉटलंडच्या एका तेवीस वर्षांच्या इंजिनिअरनं नोंदवून ठेवली होती. तो हा थॉमसन.

थॉमसनची रचना वाचताना अंगावर काटा येतो, इतकी ती पूर्ण होती. आत रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी, बाहेर चामड्याचं कवच. 'हवाई चाकं' असं त्यानं नाव दिलं. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ती लावून चाचण्या केल्या. गाडी ओढायला लागणारं बळ त्यानं मोजलं, साध्या रस्त्यावर आणि फुटक्या खडीवरही. फायदा दोन्हीकडे दिसला, पण रस्ता जितका वाईट तितका फायदा जास्त. डोंबिवलीच्या गल्लीत घंटीनं आम्हाला सांगितलं ते हेच. पण तेव्हा रबर महाग होतं, आणि जिला या चाकाची खरी गरज होती ती पायडलची सायकल अजून जन्मायची होती.

हा माणूस तिथे थांबला नाही. वीस वर्षांनी त्यानं रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं केली आणि त्यांच्या चाकांना भरीव रबराचे जाड पट्टे चढवले. ती इंजिनं भारतातही आली. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबच्या रस्त्यांवर 'गव्हर्न्मेंट स्टीम ट्रेन' नावाचा प्रयोग झाला, तो थॉमसनच्या इंजिनांवर. त्याची जबाबदारी होती एका तरुण लष्करी अधिकाऱ्यावर, आर. ई. बी. क्रॉम्प्टनवर. हाच क्रॉम्प्टन पुढे इंग्लंडला परतला, विजेच्या धंद्यात शिरला आणि १८७८ मध्ये स्वतःची कंपनी काढली. घरोघरच्या पंख्यांवर आज दिसतं ते त्याचंच नाव. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा कारखाना होता, लोकलनं जाणाऱ्या किती पिढ्यांनी त्याची पाटी वाचली असेल. क्रॉम्प्टन पंख्यावर राहिला, डनलॉप आपल्या घरात गादीचं नाव होऊन बसला, आणि ज्यानं दोघांच्या आधी रबरावर चाक धावेल हे ओळखलं तो थॉमसन १८७३ मध्ये पन्नाशीत गेला. मराठी शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

परत गल्लीत येऊ. चौथी फेरी मुलानं खचलेल्या पट्ट्यावरून मुद्दाम सावकाश मारली आणि कळवळला. "हळू गेलो तर जास्त का लागतं?" कारण माणसाचं धड हे झोपाळ्यासारखं आहे. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो. बसलेल्या माणसाच्या पोटा-पाठीची ती लय सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांची. पेव्हरचे खचलेले उंचवटे साधारण एकेका मीटरवर असले, आणि तुम्ही ताशी १८ किलोमीटरनं गेलात, तर सेकंदाला नेमके ५ हेलकावे बसतात. पोट ढवळून निघतं. वेग दुप्पट केला की १० होतात आणि लय चुकते, अंगाला त्यांच्या मागे जायला वेळच मिळत नाही. रूबेचे जुने स्पर्धक दगडांवर 'तरंगत' जायला सांगतात, ते यामुळेच. जड गिअर, मागे सरकून बैठक, वेग न सोडणं आणि हात सैल. हात सैल सोडणं सगळ्यात कठीण, कारण भीती वाटली की मूठ आवळली जाते, आणि मूठ जितकी आवळाल तितका हादरा मनगटातून खांद्यापर्यंत चढतो. गल्लीत मात्र हा वेगाचा प्रयोग करू नका. तिथे मुलं खेळतात. त्यानंही तो मोकळ्या रस्त्यासाठी राखून ठेवला.

त्याच्याकडे एका महागड्या कार्बन फ्रेमची जाहिरातही होती. हादरे अमुक टक्क्यांनी शोषते असा दावा. मी त्याला पैसे वाचवायला सांगितलं. फ्रेम उभ्या दिशेनं दबते ती अगदी थोडी, टायर दबतो तो त्याच्या कितीतरी पट. टक्के कशाच्या तुलनेत, कुठल्या रस्त्यावर, टायरमध्ये किती हवा असताना, हे जाहिरातीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. त्यानं ३२ मिलिमीटरचे टायर आणि काटा असलेला पंप घेतला, एवढंच. त्याचं वजन ६८ किलो. ५५ पीएसआयवर त्याचं जमलं. त्याहून खाली जायचा मोह होतो, पण तिथे दुसरी अडचण आहे. मोठ्या दगडावर टायर पूर्ण दबला की ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सापानं चावल्यासारखी दिसतात म्हणून सायकलवाले त्याला स्नेक बाइट म्हणतात. तुमचं वजन वेगळं, टायर वेगळा, तर तुमचा आकडाही वेगळा येणार. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा बघा आणि पाच-पाचनं उतरत जा.

आता ती गढूळ चिळकांडी. पेव्हर ब्लॉक ही मुळात हुशार कल्पना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये विटांची टंचाई पडली, तेव्हा काँक्रीटचे ठोकळे रस्त्याला वापरायला सुरुवात झाली. त्यातला खरा कारागीर ठोकळा नाही, वाळू आहे. खाली दोन-तीन बोटं वाळूचा थर आणि फटींमध्ये ठासून भरलेली बारीक वाळू. एका ब्लॉकवर चाक आलं की फटीतल्या वाळूच्या घर्षणानं शेजारचे ब्लॉक तो भार वाटून घेतात, जशी भाकरीच्या टोपलीची एक काडी दाबली तर सगळी वीण ताणली जाते. कडेला पक्की कड हवी, नाहीतर वीण सुटते. ब्लॉक कसा असावा यासाठी आपल्याकडे आयएस १५६५८ हे मानकही आहे. पण ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाइपसाठी खणलेला भाग धुम्मस न मारता बुजवला, फटी रिकाम्या ठेवल्या, की पहिल्याच पावसात खालची वाळू वाहायला लागते. मग प्रत्येक रिक्षा त्या ब्लॉकला पंपाच्या दट्ट्यासारखं दाबते आणि उरलीसुरली वाळू चिखलाबरोबर वर फेकते.

रूबेचे दगडही असेच, पायाखाली वाळू-माती घेऊन बसलेले. तिथे 'पॅरिस-रूबेचे मित्र' नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक खचलेले दगड काढतात, खालचा थर भरतात आणि दगड पुन्हा हातानं बसवतात. आरेनबर्गच्या जंगलातली सगळ्यात भीषण दगडी वाट १९६८ मध्ये शर्यतीत आली, ती ज्याँ स्टाब्लिन्स्की या सायकलपटूच्या सुचवण्यावरून. तरुणपणी तो त्याच वाटेच्या खालच्या कोळसा खाणीत राबला होता. ज्या रस्त्यावर माणसांचा जीव असतो तो रस्ता राखला जातो.

आपल्याला गल्लीत शर्यत नको आहे, पण आजी पडू नये आणि स्कूटरच्या मागे बसलेल्या मुलाची मान हिसकू नये एवढं हवंच आहे. पाऊस संपला की एकदा खाली वाकून फटी बघा. वाळू दिसत नसेल, ब्लॉक पायाखाली डुलत असेल, तर प्रभाग कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी अर्ज द्या. अर्जात 'ब्लॉक बदला' असं लिहू नका. 'ब्लॉक उचलून खालचा थर ठोकून घ्या, फटींत कोरडी बारीक वाळू भरा आणि कडा बांधा' असं लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.